रेघ उमटते ती कशाची? श्वसनरोगांच्या झटपट चाचणीपट्टीची गोष्ट

मे २०२१ मध्ये आयसीएमआरने पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या 'कोविसेल्फ' या चाचणीला मान्यता दिली आणि एरवी पॅथॉलॉजी लॅबच्या काचेमागे राहणारी एक वस्तू आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यात येऊन बसली. बोटभर लांबीची पांढरी प्लास्टिकची पेटी, तिच्यात एक खिडकी आणि खिडकीशेजारी 'सी' आणि 'टी' ही दोन अक्षरे. नाकात काडी फिरवायची, द्रावणात घोळवायची, थेंब टाकायचे आणि पंधरा मिनिटे वाट पाहायची. एक रेघ आली तर सुटलो, दोन आल्या तर अडकलो. हा हिशेब तेव्हा शाळकरी मुलांनाही पाठ झाला होता.

कोविडची लाट ओसरल्यावर एक साधा प्रश्न मागे राहिला. जे कोविडसाठी जमले, ते रोजच्या खोकल्या-तापासाठी का जमत नाही? तालुक्याच्या गावात डॉक्टरांसमोर चार दिवस तापलेले मूल बसलेले असते. छातीत घरघर असते. हा विषाणूचा संसर्ग असेल तर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. जिवाणूचा न्युमोनिया असेल तर अँटिबायोटिक उशिरा देणे जिवावर बेतू शकते. क्षयरोग असेल तर गोष्ट तिसरीच. डॉक्टरांकडे स्टेथोस्कोप असतो, अनुभव असतो, जवळपास एक्स-रेची सोय असली तर असते. बहुतेक वेळा ते धोका नको म्हणून अँटिबायोटिक लिहून देतात, आणि त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते. पण असे रोज लाखो वेळा घडते तेव्हा जिवाणू औषधांना सरावत जातात. म्हणून पंधरा मिनिटांत, वीज आणि यंत्र न लागता, पन्नास-शंभर रुपयांत 'जिवाणू आहे' किंवा 'नाही' असे सांगणारी पट्टी हे वैद्यकातले एक जुने स्वप्न आहे. ते अजून पुरते साधलेले नाही. का साधले नाही, हे समजून घेतले की रोगनिदान म्हणजे नेमके काय, हेही बरेचसे समजते.

पट्टीच्या पोटात काय असते?

प्लास्टिकची पेटी उघडून पाहिली तर आत एकमेकांवर किंचित चढवलेले कागदासारखे चार तुकडे दिसतात. पहिल्यावर नमुन्याचे थेंब पडतात. दुसऱ्यावर सोन्याचे अतिसूक्ष्म कण वाळवून ठेवलेले असतात आणि त्या कणांवर प्रतिपिंडे चिकटवलेली असतात. तिसरा तुकडा लांब आणि पांढरा असतो, तो नायट्रोसेल्युलोजचा. फाळक्यांच्या काळात सिनेमाची रिळे ज्या पदार्थाची बनत, त्याच कुळातला हा पदार्थ. चौथा तुकडा टिपकागदासारखा, सगळे द्रव ओढून घेणारा. दिव्याची वात जशी तेल वर ओढते तसा नमुना या पट्टीतून पुढे सरकतो. पंप नाही, बॅटरी नाही.

सोन्याचे कण साधारण चाळीस नॅनोमीटरचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढे. या आकाराचे सोने पिवळे दिसत नाही, लाल दिसते. मायकेल फॅरडेने १८५७ मध्ये अशा लाल सुवर्णद्रावाचा पद्धतशीर अभ्यास केला होता. आपण जी गुलाबी-लाल रेघ पाहतो तो रंग या सोन्याचा असतो.

आता खरी युक्ती. नमुन्यात आपण शोधतो तो पदार्थ, म्हणजे प्रतिजन, असेल तर तो वाटेत सुवर्णकणावरच्या प्रतिपिंडाला चिकटतो. जोडी पुढे सरकते. पांढऱ्या पट्टीवर 'टी'च्या जागी त्याच प्रतिजनाला ओळखणारी दुसरी प्रतिपिंडे आडव्या ओळीत बसवलेली असतात. ती प्रतिजनाची दुसरी बाजू पकडतात. दोन प्रतिपिंडांच्या मध्ये प्रतिजन सापडतो, सुवर्णकण तिथेच अडकतात, लाखो कण जमले की रेघ दिसते. 'सी'ची रेघ मात्र प्रतिजन असो वा नसो, उमटतेच. तिचा अर्थ एवढाच की द्रव इथवर पोचला आणि सुवर्णकण शाबूत आहेत. 'सी' आली म्हणजे चाचणी बरोबर झाली असे आपण म्हणतो, पण नमुना नीट घेतला होता की नाही हे ती रेघ सांगू शकत नाही. नाकाऐवजी हवेत फिरवलेल्या काडीवरही ती ठळक उमटेल.

हे तंत्र लोकांच्या हाती आले ते गर्भचाचणीमुळे. १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये एकाच टप्प्यात होणारी घरगुती पट्टी बाजारात आली. त्याआधी १९७५ मध्ये केंब्रिजच्या कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तितकी बनवण्याची रीत शोधली नसती, तर या पट्ट्या दर खेपेला वेगळेच वागल्या असत्या. गर्भचाचणीची गोष्ट सोपी होती. गर्भ राहिला की संप्रेरक लघवीत मुबलक येते, एरवी जवळपास नसतेच. कोविडच्या पट्टीचेही तेच: विषाणू ज्या नाकात वाढतो तिथूनच काडीने नमुना घेता येतो आणि निरोगी माणसाच्या नाकात तो विषाणू सहसा वस्तीला नसतो. जिवाणूजन्य न्युमोनियात यातली एकही सोय नाही.

१९१७ सालचा धागा

न्युमोनिया ओळखण्याची घाई आजची नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अल्फॉन्स डोशे आणि ऑस्वल्ड एव्हरी या दोघांनी १९१७ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली. न्युमोकॉकस हा जिवाणू फुप्फुसात वाढत असताना एक विरघळणारा पदार्थ सोडतो, आणि तो पदार्थ रोग्याच्या रक्तातच नव्हे तर लघवीतही सापडतो. पुढे १९२३ मध्ये हायडेलबर्गर आणि एव्हरी यांनी दाखवले की हा पदार्थ प्रथिन नाही, ती साखरेच्या रेणूंची लांब साखळी आहे, जिवाणूच्या अंगावरच्या कवचातली. फुप्फुसातल्या रोगाचा पुरावा लघवीत मिळतो, ही कल्पना तिथून निघाली.

त्या काळी डॉक्टरांना ही माहिती तातडीने हवी असे, कारण न्युमोनियावर उपाय होता तो रक्तद्रवाचा: घोड्याला, नंतर सशाला, जिवाणू टोचून मिळवलेला. पण न्युमोकॉकसचे अनेक प्रकार आहेत आणि एका प्रकारावरचा रक्तद्रव दुसऱ्यावर चालत नसे. म्हणून आधी प्रकार ओळखणे भाग होते. नॉयफेल्ड या जर्मन शास्त्रज्ञाने १९०२ मध्ये नोंदवलेली एक प्रक्रिया तिथे कामी आली. योग्य रक्तद्रव मिसळला की जिवाणूचे कवच सूक्ष्मदर्शकाखाली फुगल्यासारखे दिसते. १९३०च्या दशकात थुंकीच्या थेंबावर ही परीक्षा थेट करून तासाभरात प्रकार सांगणारे कुशल तंत्रज्ञ मोठ्या रुग्णालयांत होते. म्हणजे पट्टी नव्हती, पण झटपट चाचणी होती.

मग १९३८ मध्ये सल्फापिरिडिन आले, पाठोपाठ पेनिसिलिन आले. ही औषधे प्रकार विचारत नव्हती. आधी ओळख, मग उपचार हा क्रमच अनावश्यक झाला आणि ती कुशल परीक्षा काही वर्षांत विस्मरणात गेली. माझ्या मते या विषयातली सर्वांत बोलकी घटना हीच. औषध सर्वगुणसंपन्न झाले तेव्हा निदानाची कला आळसावली. आता औषध बोथट होऊ लागल्यावर आपण ती पुन्हा शोधत आहोत.

पट्टी तयार झाली, पण मुलांसाठी नाही

डोशे-एव्हरी यांच्या निरीक्षणाला पट्टीचे रूप मिळायला ऐंशीहून अधिक वर्षे गेली. १९९९ मध्ये अमेरिकेत न्युमोकॉकससाठी लघवीवर करायच्या 'बायनॅक्स नाऊ' या चाचणीला परवानगी मिळाली. ती प्रकारानुसार बदलणारे कवच शोधत नाही. न्युमोकॉकसच्या पेशीभित्तिकेत 'सी' बहुशर्करा नावाचा एक पदार्थ असतो, तो सर्व प्रकारांत सामाईक असतो. पट्टी तोच शोधते. पंधरा मिनिटांत निकाल. प्रौढ रोग्यांमध्ये ती दर चार खऱ्या रोग्यांपैकी साधारण तिघांना पकडते आणि नसलेल्याला 'आहे' असे क्वचितच म्हणते.

मी कुठल्या प्रयोगशाळेत नोकरी केलेली नाही. माझा अभ्यास वाचनाचा आणि विचारपूस करण्याचा. या अभ्यासात मला सर्वांत उपयोगी पडलेले साहित्य म्हणजे किटच्या खोक्यात घडी घालून ठेवलेले बारीक टायपातले माहितीपत्रक. त्यातले 'मर्यादा' हे कलम लोक वाचत नाहीत. मी तिथूनच वाचायला लागतो. या पट्टीच्या मर्यादा अशा: नुकतीच न्युमोकॉकसची लस घेतली असेल तर काही दिवस खोटी रेघ येऊ शकते. तोंडात निरुपद्रवीपणे राहणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस मायटिस या भाऊबंदामुळेही येऊ शकते. आणि सर्वांत मोठी मर्यादा लहान मुलांची.

न्युमोकॉकस हा लहान मुलांच्या नाका-घशाच्या मागच्या भागात बिनबोभाट राहणारा पाहुणा आहे. निरोगी, खेळत्या मुलांच्याही. त्या पाहुण्याच्या भिंतीतली साखर थोडीथोडी लघवीत उतरते आणि पट्टीवर रेघ उमटते. रेघ खरी असते, जिवाणूही खरा असतो, पण मुलाचा ताप भलत्याच विषाणूमुळे आलेला असतो. पट्टी 'जिवाणू आहे का?' या प्रश्नाचे उत्तर देते. डॉक्टरांचा प्रश्न असतो, 'हा आजार त्याच्यामुळे आहे का?' हे दोन प्रश्न एकच नाहीत. सर्वाधिक गरज ज्यांना, त्या मुलांतच ही पट्टी निकामी ठरते.

यावर कोणी म्हणेल, मग नमुना थेट फुप्फुसातून घ्या. मोठी माणसे थुंकी देतात, तीही वर येताना घशातल्या जिवाणूंना बरोबर घेऊन येते. लहान मुले थुंकी देतच नाहीत, गिळतात. फुप्फुसात सुई घालून नमुना घेता येतो, पण तालुक्याच्या दवाखान्यात ते कोण करणार? सात देशांत झालेल्या 'पर्च' या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. गंभीर न्युमोनियाने रुग्णालयात दाखल झालेल्या पाच वर्षांखालच्या मुलांत सुमारे ६१ टक्के वेळा कारण विषाणू होते आणि सुमारे २७ टक्के वेळा जिवाणू. हे आकडे काढायलासुद्धा अनेक प्रकारचे नमुने आणि किचकट संख्याशास्त्र एकत्र आणावे लागले. एका चाचणीने ते सांगता आले नाही.

जिथे जमले ती जागा

घशाच्या बाबतीत गोष्ट बरी आहे. 'अ' गटाच्या स्ट्रेप्टोकॉकसमुळे होणारा घसादुखीचा आजार आपल्याकडे विशेष महत्त्वाचा, कारण त्यातून काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. या जिवाणूच्या भिंतीतली साखर रेबेका लान्सफील्ड यांनी १९३३ मध्ये वर्गीकरणासाठी वापरली. आजची पट्टी तीच शोधते. घशातून फिरवलेली काडी दोन द्रावणांच्या मिश्रणात बुडवली की तयार होणारे नायट्रस आम्ल भिंतीतून साखर सोडवते आणि ती पट्टीवर चढते. रोग घशात, नमुनाही घशातून. शंभर खऱ्या रोग्यांपैकी पंच्याऐंशीच्या आसपास पकडले जातात आणि शंभर निरोगींपैकी पंच्याण्णवांना पट्टी बरोबर 'नाही' म्हणते. शिवाय दुखणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांत पेनिसिलिन दिले तरी संधिवाताचा ताप टळतो. म्हणजे शंका राहिली तर घशाच्या नमुन्याचे कल्चर करून दोन दिवस थांबायला वाव आहे. चाचणी परिपूर्ण नसूनही उपयोगी कशी ठरते, याचे हे चांगले उदाहरण.

एका बंदीची हकीकत

आता आपल्या देशाशी थेट संबंध असलेला भाग. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. थुंकीची काच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही जुनी परीक्षा; तिला एका मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात, त्यामुळे बरेच रोगी निसटतात. साहजिकच बाजारात रक्तावरच्या झटपट चाचण्या आल्या. त्यांत पट्ट्याही होत्या. त्या जंतू शोधत नव्हत्या. जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडे शोधत होत्या.

इथे मूळ विचारातच खोट होती. आपल्या देशात कोट्यवधी लोकांच्या शरीरात क्षयाचा जंतू कधी ना कधी शिरलेला असतो आणि आयुष्यभर झोपून राहतो. बीसीजीची लस बहुतेकांनी घेतलेली असते. मातीपाण्यात त्याच कुळातले निरुपद्रवी जिवाणू असतात. अशा माणसाच्या रक्तात प्रतिपिंडे मिळाली तर त्याचा अर्थ 'कधीतरी भेट झाली होती' एवढाच. उलट, ज्याची प्रतिकारशक्ती ढासळली आहे त्या खऱ्या रोग्याच्या रक्तात ती मिळतीलच असे नाही.

जुलै २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्व पुरावा तपासून सांगितले की सक्रिय क्षयरोगाच्या निदानासाठी या रक्तचाचण्या वापरू नयेत. जगभर दरवर्षी अशा दहा लाखांहून अधिक चाचण्या होत होत्या आणि काही रोगी एका चाचणीसाठी तीस डॉलरपर्यंत मोजत होते. यातल्या बऱ्याच किट युरोप-अमेरिकेत बनत आणि तिथल्याच नियामकांनी त्यांना मान्यता दिलेली नव्हती. जून २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांची आयात, उत्पादन आणि विक्री बंद केली. एखादी चाचणी असण्यापेक्षा नसलेली बरी, असे सरकारी अधिसूचनेने म्हणण्याचे प्रसंग विरळा. खोटी रेघ आली की निरोगी माणूस सहा महिने कडक औषधे घेत होता. खरी रेघ चुकली की खरा रोगी घरात खोकत राहत होता.

पुढे क्षयासाठी लघवीवरची पट्टीही आली. ती जंतूच्या भिंतीतला लॅम नावाचा पदार्थ शोधते. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती एचआयव्ही असलेल्या, गंभीर आजारी रोग्यांसाठी सुचवली. बाकीच्यांच्या लघवीत लॅम इतके कमी असते की रेघ दिसत नाही. तिच्यावर फुजीफिल्म कंपनीने तोडगा काढला. फोटो धुताना चांदीचे कण वाढवण्याची जी जुनी रसायनक्रिया, तीच वापरून सुवर्णकणांभोवती चांदी वाढवायची, म्हणजे फिकट रेघ गडद होते. डिजिटल कॅमेऱ्याने निरुपयोगी ठरवलेली विद्या अशी कामी आली. मात्र एका खेपेच्या पट्ट्या आणि दुसऱ्या खेपेच्या पट्ट्या सारख्या वागत नाहीत, ही अडचण तिथेही निघाली.

गणित, जे रेघेवर लिहिलेले नसते

समजा एक पट्टी शंभर रोग्यांपैकी नव्वदांना पकडते आणि शंभर निरोगींपैकी नव्वदांना बरोबर सोडते. ऐकायला छान. आता ती खोकणाऱ्या एक हजार लोकांवर वापरली आणि त्यांत खरे रोगी पन्नास आहेत. पंचेचाळीस पकडले जातील. उरलेल्या साडेनऊशे जणांपैकी दहा टक्के, म्हणजे पंच्याण्णव जणांना खोटी रेघ येईल. रेघ आलेले एकूण १४०, त्यांत खरे ४५. म्हणजे रेघ आलेल्या दर तिघांपैकी दोघे निरोगी! तीच पट्टी हजारात पाचशे रोगी असलेल्या वॉर्डात वापरली तर रेघ आलेल्या पाचशेंपैकी साडेचारशे खरे. पट्टी तीच, सोने तेच. फरक आहे तो कुणावर वापरली याचा. म्हणून चांगला डॉक्टर आधी रोगी तपासतो, मग पट्टी वापरतो. उलटा क्रम लावला की पट्टी फसवते.

जिवाणूला नव्हे, शरीराला विचारणे

जिवाणू सापडूनही अर्थ लागत नसेल, तर शरीर कसे झुंजते आहे तेच विचारावे, असा विचार पुढे आला. इथे १९१७चा धागा पुन्हा भेटतो. त्याच रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना १९३० मध्ये न्युमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात एक पदार्थ आढळला, जो न्युमोकॉकसच्या त्या 'सी' बहुशर्करेशी जुळतो. त्याचे नाव पडले सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. कोविडच्या दिवसांत घरोघरी ज्याचे आकडे फोनवर विचारले जात, तेच हे 'सीआरपी'. यकृत ते बनवते. जिवाणूच्या गंभीर संसर्गात ते सहसा खूप चढते, साध्या विषाणूत सहसा कमी राहते.

बोटाच्या टोकावरच्या रक्तातून सीआरपी मोजण्याची सोय आज आहे. ब्रिटनमध्ये २०१४च्या मार्गदर्शक सूचनांनी एक सोपी पायरी घालून दिली: प्रतिलिटर २० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर अँटिबायोटिक नेहमीसारखे देऊ नये, १००च्या वर असेल तर द्यावे, मधल्यांना चिठ्ठी द्यावी पण वाट पाहायला सांगावे. व्हिएतनामच्या उत्तर भागातल्या प्राथमिक केंद्रांत झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. सीआरपी पाहून उपचार केलेल्यांत ६४ टक्क्यांना दोन आठवड्यांत अँटिबायोटिक मिळाले, न पाहता केलेल्यांत ७८ टक्क्यांना. फरक मोठा नाही, पण खरा आहे. अडचण एवढीच की सीआरपी मलेरियातही चढते, कोविडमध्येही चढत होते. म्हणून आता सीआरपीच्या जोडीला विषाणूसंसर्गात वाढणारे एमएक्सए हे प्रथिन मोजणाऱ्या दुहेरी पट्ट्या आल्या आहेत. एक रेघ जिवाणूकडे बोट दाखवते, दुसरी विषाणूकडे.

उद्याची पट्टी

चांगल्या चाचणीची लक्षणे जागतिक पातळीवर कधीच ठरलेली आहेत: परवडणारी, रोग्याला न चुकवणारी, निरोग्याला न गोवणारी, वापरायला सोपी, झटपट आणि काटक, यंत्राविना चालणारी, गरजूपर्यंत पोचणारी. आपल्याकडे 'काटक' या शब्दावर बोट ठेवावे लागते. बहुतेक पट्ट्यांच्या पाकिटावर तीस अंशांखाली ठेवा असे छापलेले असते. चंद्रपूरचा मे महिना आणि रत्नागिरीचा जुलै महिना ते वाचत नाही. पाकीट फोडून ठेवलेली पट्टी कोकणातल्या दमट हवेत ओलावते, आणि उन्हात तापलेल्या टेम्पोतून आलेल्या खोक्यातली प्रतिपिंडे निकामी झालेली असू शकतात. पट्टी विकत घेताना आरोग्य खात्याने किमतीइतकाच वाहतुकीचा आणि साठवणीचा विचार करायला हवा.

दुसरा मार्ग पट्टीच्या पलीकडचा आहे. गोव्यातल्या मोल्बायो कंपनीचे 'ट्रूनॅट' हे बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र क्षयाच्या जंतूचा डीएनए शोधते आणि जंतू रिफॅम्पिसिनला दाद देतो की नाही हेही सांगते; २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. ते पट्टीइतके स्वस्त आणि सुटसुटीत नाही, पण ते जंतूलाच शोधते, जंतूच्या आठवणीला नाही. प्राथमिक केंद्रात पट्टीने चाळायचे आणि तालुक्याला यंत्राने पक्के करायचे, अशी जोडी आपल्याला परवडण्यासारखी आहे.

तोवर वाचकांच्या हाती एक गोष्ट आहे. लॅबमध्ये किंवा घरी कुठलीही झटपट चाचणी झाली की निकालाबरोबर दोन प्रश्न विचारावेत: ही चाचणी जंतू शोधते, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे शोधते, की शरीराची झुंज मोजते? आणि निकाल काहीही आला तरी डॉक्टरांचा उपचार बदलणार आहे का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर ती चाचणी कितीही झटपट असली तरी तिचे पैसे वाचवलेले बरे.